लाल पानाच्या पामसाठी ३४,०८४ रुपये, आणि कुंडीत पोफळी

परदेशी पाम म्हणून भलतीच रोपं पाठवून एका विकणाऱ्यानं मला फसवलं. त्याचा हिशेब आधीच मांडतो, म्हणजे ‘किती गेले हो?’ असं पुन्हा कुणी विचारायला नको. चॅम्बेरोनियाची चार रोपं, प्रत्येकी ३,२०० रुपये. जोई पामची दोन, प्रत्येकी ५,५००. माल २३,८०० चा. त्यावर ‘अठरा टक्के जीएसटी’ ४,२८४ आणि ‘परत मिळणारं क्वारंटाइन डिपॉझिट’ (आयात रोपं रोग-किडीच्या तपासणीसाठी वेगळी ठेवतात, त्याची अनामत) ६,०००. एकूण ३४,०८४. हसायचं तर हसा, घरच्यांचं हसून झालंय.

पामचा नाद नसलेल्यांना ही रक्कम वेडेपणाची वाटेल, तर त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चॅम्बेरोनिया मॅक्रोकार्पा हा न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा पाम. नवं पान उलगडतं तेव्हा लालभडक असतं, मग काही दिवसांत हिरवं होतं. आपल्याकडे सगळे लाल देठांच्या लिपस्टिक पामच्या मागे लागतात, पण तो मलाया-बोर्निओच्या दलदलीतला. बेळगावची डिसेंबरातली रात्र त्याला सोसत नाही, पानं करपतात. चॅम्बेरोनिया जरा थंडी काढतो. आणि गंमत म्हणजे हे मला त्या विकणाऱ्यानंच सांगितलं. “सर, बेळगावला लिपस्टिक नको, पैसे वाया जातील.” स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का? त्याआधी त्याच्याकडून लिकुआला ग्रँडिस या पामचं एक रोप ८५० ला घेतलं होतं. ते अस्सल निघालं, आजही माझ्या परसात आहे. आधी विश्वास कमवायचा, मग मोठा हात मारायचा, ही रीत तुम्हाला ठाऊकच आहे.

निम्मे ११,९०० आगाऊ दिले. मग जीएसटी मागायला त्याचा फोन. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, जीएसटी मी स्वतः भरतो, त्यामुळे अठरा टक्के ऐकून काही खटकलं नाही. माझ्या बऱ्याचशा मालाला तोच दर. जिवंत रोपांवर जीएसटी शून्य असतो हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती. तुम्ही आता लक्षात ठेवा: रोपावर कुणी जीएसटी मागितला की फोन ठेवायचा.

पहिलं खोकं आलं, त्यात चॅम्बेरोनियाची चार रोपं. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि आत तांबडी माती. इथं बेळगावजवळ जांबोटीच्या रस्त्याकडेला दिसते तसली, ओली, तांबडी. रोपं थायलंडहून आली म्हणे! परदेशातून रोप मातीसकट आणायला आपल्याकडे बंदी आहे. मुळं धुऊन, मॉस किंवा कोकोपीट गुंडाळून येतात. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, मीच दोघातिघांना सांगितलेलं. तरी ती माती बोटांत चुरली, वास घेतला आणि त्याला फोन लावला. तो म्हणाला, “सर, क्वारंटाइननंतर महिनाभर आमच्याकडे हार्डनिंग करतो, मगच पाठवतो.” हार्डनिंग, म्हणजे रोपं इथल्या हवेला सरावून घेणं, खरोखरच करतात, त्यामुळे उत्तर चुकीचं नव्हतं. त्याच संध्याकाळी उरलेले ११,९०० आणि डिपॉझिटचे ६,००० धाडले. तिथं थांबलो असतो तर १७,९०० रुपये वाचले असते. हा आकडा मला रात्री झोपू देत नाही, ३४,०८४ चा नाही.

खानापूरचे मामा आले होते. त्यांची पोफळीची, म्हणजे सुपारीची, बाग आहे. कुंड्या बघून म्हणाले, “पोफळी कुंडीत कशाला लावलायस रे?” मी त्यांना न्यू कॅलेडोनिया कुठं आहे ते समजावून सांगत बसलो. आता कुणी विचारेल, पोफळ ओळखता येत नाही? नाही येत. लहानपणी पोफळ आणि चॅम्बेरोनिया दोन्हींचं पान असंच दुफाटी असतं, आणि लाल पान यायला वर्षं जातात असं विकणारा आधीच बोलून बसलेला. नर्सरीत हेच रोप वीस-तीस रुपयांना मिळतं.

दुसऱ्या खोक्यातली जोई तर पामसुद्धा नव्हती. खऱ्या जोईचं पान अखंड, चुण्याचुण्यांचं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. हिचंही पान चुण्यांचं. पण थोड्याच दिवसांत बुडाशी, मातीला टेकून, पिवळी फुलं आली. कर्क्युलिगो! बंगल्यांच्या कुंपणाशी लावतात ती. तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद.

आता पुढचं ऐका. बँकेत गेलो. “पिन तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार?” पोलीस ठाण्यात गेलो. मी अर्ज मराठीत नेलेला. “कन्नडदाग बरीरी.” मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. शेजारच्या पोराकडून लिहून घेतला. मग साहेब म्हणाले, “झाडं मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.” मी म्हटलं, झाडं दुसरीच आहेत. तर म्हणे तज्ज्ञाचा दाखला आणा. झाडांशी संबंध असलेल्या एका सरकारी कचेरीत कुंडी बगलेत मारून गेलो. तिथल्या बाईंनी एका नजरेत सांगितलं, “सुपारी आहे.” लिहून द्या म्हटलं तर, “पोलिसांचं पत्र आणा, त्याशिवाय देता येत नाही.” पोलिसांना दाखला हवा, दाखल्याला पोलिसांचं पत्र हवं. कुंडी घेऊन मी मध्ये!

शेवटी ठाण्यातून सल्ला मिळाला की त्याचं सिमकार्ड महाराष्ट्रातलं दिसतंय, तिकडं जा. गेलो. पलीकडच्या ठाण्यानं विचारलं, “पैसे कुठून पाठवलेत? बेळगावातून? मग तिकडंच तक्रार द्या.” सीमाभागातल्या माणसाला हे काही नवीन नाही. इकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे, तिकडचे म्हणतात तुम्ही इकडचे. कर मात्र वेळेवर लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. हे मी दोन्हीकडे कागद दाखवून सांगितलं. दोन्हीकडे मान डोलावली आणि दोन्हीकडे नोंद झाली नाही.

म्हणून ठाण्यात बसून राहू नका. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे खात्यांत असेपर्यंतच, म्हणजे काढून घेण्याआधीच, ते गोठवता येतात. मी आधी बँकेच्या रांगेत उभा राहिलो.

आणि ‘इम्पोर्ट’ म्हणणाऱ्याकडं आयात परवाना आणि त्या देशाचा फायटोसॅनिटरी (रोपं रोग-किडीपासून मुक्त असल्याचा) दाखला मागा, त्यावरचं शास्त्रीय नाव आणि नगांची संख्या तुमच्या रोपांशी जुळते का बघा. मला पाठवलेल्या पीडीएफवर नाव पुसट होतं. मोठं करून बघितलं नाही, मोबाइल जुना आहे. रोपाशेजारी तुमच्या नावाची चिठ्ठी ठेवून व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर विषय संपला.

गेल्या आठवड्यात नव्या नंबरवरून मेसेज आला: “सर, तुमचं ६,००० डिपॉझिट मंजूर झालं, परताव्यासाठी ५०० प्रोसेसिंग भरा.” ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून रोपं घेतलीत त्या सगळ्यांना हा मेसेज जाणार. उत्तर देऊ नका, शिवीसुद्धा नको. तुमचा नंबर चालू आहे एवढं कळलं तरी त्याला पुरतं.