कृत्रिम गुडघा : वर्षभराच्या वापरानंतर

गुडघा बदललेल्या माणसाला जो तो विचारतो, "किती वाकतो?" त्याआधी विचारायला हवं, "पूर्ण सरळ होतो का?" पाच-दहा अंशांचा बाक राहिला, तर नुसतं उभं राहतानाही मांडीचा स्नायू ताणलेला असतो. पाय आखूड झाल्यासारखी चाल लंगडी पडते आणि थोडं अंतर गेलं की मांडी भरून येते. हा बाक पहिल्या काही आठवड्यांत पक्का होतो. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली ठेवलेली उशी हे त्याचं नेहमीचं कारण.

आधार द्यायचाच तर टाचेखाली. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली घ्यायची, गुडघा अधांतरी ठेवायचा आणि मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू पलंगाकडे दाबायची. पाच आकडे मोजून सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. कंटाळवाणा व्यायाम आहे, पण पुढची चाल यावरच ठरते.

वाकण्याचं म्हणाल, तर 110 ते 120 अंश मिळाले की खुर्चीतून उठणं, जिना, गाडीत बसणं, काहीच अडत नाही. उकिडवं बसणं बहुतेकांना जमत नाही, त्याचा हट्ट धरू नये. मात्र सहा आठवड्यांनी 90 अंशही होत नसतील, तर डॉक्टरांना लगेच दाखवावं. भूल देऊन गुडघा वाकवून घेण्याचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांतच चांगला लागू पडतो. नंतर आतली चिकटलेली ऊती घट्ट होत जाते.

संधिवाताचं ते आतलं, खोल दुखणं लवकर जातं. राहतं ते ऑपरेशनचं दुखणं, आणि ते रात्री जास्त छळतं. पहिले दीड-दोन महिने झोप तुटक लागते, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवलेलं बरं. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली, तर व्यायाम नीट होतो. संध्याकाळी वाढून सकाळी उतरणारी सूज आणि हाताला लागणारा ऊबदारपणा कित्येक महिने राहतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वाढती लाली, जखमेतून पाणी येणं, ताप किंवा पोटरी सुजून दुखणं यांपैकी काही दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधीर राहते, कारण छेद घेताना त्वचेची बारीक नस तुटते. तो पट्टा हळूहळू लहान होतो, पण थोडा कायम राहू शकतो. चालताना येणारा टकटक आवाज धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना टेकल्याचा असतो. दुखत नसेल तर सोडून द्यावा.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

सांधा टिकण्याची चिंता फार करू नये. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षं टिकल्याचा अंदाज आहे. तरीही साधारण पाचांतला एक जण निकालावर समाधानी नसतो, आणि हे ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. दुखणं थांबलं की बरेच जण व्यायाम सोडतात. मांडीचा स्नायू मात्र वर्षानंतरही दुसऱ्या पायापेक्षा कमजोर असू शकतो, म्हणून खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव पुढेही चालू ठेवावा.