कर्ज सेटलमेंटवाल्यांची सर्व्हिस सात-आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव (क्रेडिट कार्ड + घराची नोटीस)

पाचपैकी दोन स्टार. ते दोन पण फक्त क्रेडिट कार्डाच्या कामाचे, घराच्या बाबतीत मी यांना शून्य देईन. लांबलचक लिहिलंय, पण ज्यांच्या घरी बँकेचं रजिस्टर पोस्ट येऊन पडलंय त्यांनी निदान मधला भाग तरी वाचा. कंपनीचं नाव घेत नाही, जाहिराती बघितल्या तर सगळ्यांचं पॅकेज साधारण एकाच साच्यातलं वाटतं, त्यामुळे नावाने फार फरक पडत नाही.

थोडक्यात परिस्थिती. मोशीला वन बीएचके, २६ लाखांचं होम लोन, हप्ता २३,६००, मिस्टर आणि मी दोघं कर्जदार. मिस्टर चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, तिथे आधी ओव्हरटाइम बंद झाला मग काम कमी झालं आणि हातात येणारा पगार जवळजवळ निम्म्यावर आला. त्यात सासऱ्यांचं ऑपरेशन. दोन क्रेडिट कार्डं होती, किराणा, शाळेची फी, औषधं सगळं त्यावर जायला लागलं आणि दर महिन्याला मिनिमम ड्यू (बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम) भरून पुढे ढकलणं चालू. मिनिमम भरलं की महिना निघाला असं वाटतं, पण व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे, म्हणजे वर्षाला ४२-४५ टक्के, त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी, आणि मागचं पूर्ण बिल फेडलेलं नसलं तर नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, आज दूध घेतलं तर आजपासूनच मीटर सुरू. कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, तेव्हा कायदा व्याज कमी करेल या आशेवर कुणी बसू नका.

तर अशात दीराने ही सर्व्हिस सुचवली. फोनवरची मुलगी एकदम गोड बोलणारी, "ताई तुम्ही एकट्या नाही आहात" वगैरे. फी महिन्याला ३,८०० अधिक जीएसटी म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास, आणि सेटलमेंट झालं की सेटल झालेल्या रकमेच्या १५ टक्के वेगळे. त्या बदल्यात वसुलीचे फोन ते घेणार, बँकेशी ते बोलणार, आपण फक्त दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकत राहायचे. आणि मुख्य अट काय तर कार्डाचे पैसे भरणं थांबवायचं, कारण खातं थकल्याशिवाय बँक सूट देत नाही. हे ते सरळ तोंडावर सांगतात, लपवत नाहीत, तेवढं मान्य.

आधी चांगलं सांगते. फोन खरंच कमी झाले. त्याआधी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत फोन, एकदा तर वसुलीवाला सोसायटीच्या गेटवर येऊन वॉचमनला आमचं किती थकलंय ते सांगून गेला. यांनी कॉल फॉरवर्ड करून घेतले, आणि रिझर्व्ह बँकेचे नियम काय आहेत ते पहिल्यांदा यांच्याकडूनच कळलं: वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, शिवीगाळ धमकी नाही, शेजारी-नातेवाइकांपुढे बदनामी करायची नाही. कार्ड थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, ते दिवाणी प्रकरण आहे, हे पण तेव्हाच डोक्यात नीट बसलं. (चेक किंवा ऑटो डेबिट बाउन्स झालं तर मात्र वेगळी केस होऊ शकते, ते फोनवर विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.) घरात शांतता आली, मिस्टर झोपायला लागले, हे पैशात कसं मोजणार.

पण गंमत अशी की वसुलीवाले आमच्या वहिनींनाही फोन करायचे, ते यांच्याने बंद झालेच नाहीत. ते मी स्वतः कार्डाच्या बँकेच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी) मेल टाकल्यावर बंद झाले. तारीख, वेळ, नंबर, स्क्रीनशॉट जोडून मेल टाकायचा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटण्यासारखं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, एक रुपया लागत नाही. माझ्यावर लोकपालापर्यंत जायची वेळच आली नाही. म्हणजे ज्या कामासाठी महिन्याला साडेचार हजार देत होतो त्यातलं निम्मं काम एका मेलचं होतं.

आता सेटलमेंटचा हिशोब, कारण जाहिरातीत "५५ टक्के बचत" असं लिहितात. आमच्या मोठ्या कार्डावर भरणं थांबवलं तेव्हा बाकी होती १ लाख ७९ हजार. साधारण सहा महिन्यांनी व्याज, लेट फी, जीएसटी चढून झाली २ लाख ३८ हजार, आणि सेटल झालं १ लाख ५ हजारांना. कंपनी म्हणणार १ लाख ३३ हजार वाचवले. पण त्यातले ५९ हजार भरणं थांबवल्यामुळेच चढले होते ना! माझ्या लेखी वाचले ७४ हजार. त्यातून यांची १५ टक्के फी जीएसटीसकट १८,५८५, आणि महिन्याची फी धरून गेले आणखी ३६ हजारांच्या आसपास. उरले किती तर साडेएकोणीस हजार. आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या कार्डापुढे "सेटल्ड" (कमी पैशांत मिटवलेलं) असा शेरा, जो "क्लोज्ड" (पूर्ण फेडून बंद) पेक्षा वाईट धरतात. २०२५ मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, लोक होम लोन दुसऱ्या बँकेत नेऊन हप्ता कमी करत होते, आम्ही विचारलं तर पलीकडच्या बँकेने रिपोर्ट बघून नको म्हटलं. साडेएकोणीस हजारांपेक्षा हे महाग पडणार हे दिसतंय.

दुसऱ्या कार्डावर १ लाख ४६ हजार होते. ते यांच्या हातात द्यायच्या आधी मी सहज त्या बँकेत फोन करून विचारलं की एकरकमी जमत नाही, काही करता येईल का. त्यांनी कार्ड ब्लॉक करून पूर्ण बाकीचे ३६ हप्ते करून दिले, १८ टक्के व्याजाने, महिन्याला सव्वापाच हजारांच्या आसपास, वर व्याजावरचा जीएसटी. सूट काही नाही, पण ४२ वरून १८ वर आलो आणि शेवटी शेरा "क्लोज्ड" लागेल. हे करायला कुठलीही कंपनी लागली नाही. थकायच्या आधी विचारलं तर मिळण्याची शक्यता जास्त, एवढंच.

आता घराचं. इथे मला खरा राग आहे.

पगार कमी झाल्यावर होम लोनचे हप्ते पण मागे पडले. यांच्याकडे नाव नोंदवताना होम लोनसुद्धा यादीत घातलं गेलं, आणि यांच्या सिस्टीममध्ये कार्ड काय नि घर काय, सगळी सारखीच "अकाउंट्स". पण कार्ड विनातारण आहे, बँकेला वसुलीसाठी कोर्टात जावं लागतं म्हणून ती घासाघीस करायला तयार होते. घर बँकेकडे गहाण आहे, तिला कोर्टाची पायरी चढायची गरजच नाही, २००२ चा सरफेसी कायदा त्यासाठीच आहे. तिथे "भरणं थांबवा, बँक आपोआप खाली येईल" हे डोकं चालत नाही. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज), मग कलम १३(२) ची नोटीस, त्यात थकलेले हप्ते नाही तर पूर्ण कर्ज ६० दिवसांत भरा असं येतं. आमच्या नोटिशीत २१ लाख ८० हजार लिहिलेले बघून सासूबाई खालीच बसल्या.

कंपनीला नोटीस व्हॉट्सअॅप केली. दोन दिवसांनी "लीगल टीम" चा फोन, म्हणे डीआरटीमधून (बँकांच्या कर्जवसुलीचं न्यायाधिकरण) स्टे आणू, त्याचं वेगळं पॅकेज आहे. मी जवळजवळ तयार झाले होते, पण शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अटसुद्धा नाही, म्हणून तिकडे गेले (१५१०० ही त्यांची हेल्पलाइन). तिथल्या वकीलबाईंनी नोटीस वाचली आणि म्हणाल्या, "अहो, १३(२) वर डीआरटीत जाताच येत नाही. आत्ता लेखी उत्तर द्या, बँकेला १५ दिवसांत त्याचं उत्तर द्यावं लागतं. डीआरटी नंतर, बँकेने १३(४) खाली ताब्याची कारवाई केली की तिथून ४५ दिवसांत." म्हणजे जो स्टे मिळण्याची वेळच आली नव्हती त्याचे पैसे हे आधीच मागत होते!

पुढचा क्रम पण त्यांनीच कागदावर काढून दिला. ६० दिवस संपले की आधी कागदोपत्री ताबा, दारावर नोटीस चिकटवतात आणि दोन पेपरांत छापतात, त्यातला एक स्थानिक भाषेतला. मग प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. मग लिलाव, त्याची ३० दिवसांची नोटीस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण पैसे भरून घर सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंतच आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर असं झालंय आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ते पक्कं केलं. लिलावाच्या दिवसापर्यंत वेळ आहे असं अजूनही कितीतरी जण धरून चालतात. शिवाय लिलावात पूर्ण वसूल झालं नाही तर उरलेले पैसे बँक मागू शकते, घर गेलं म्हणजे कर्ज मिटलं असं नाही.

मग मी थेट बँकेच्या रिजनल ऑफिसला गेले, कारण वसुलीची फाईल शाखेत नव्हतीच, शाखेतले नुसते इकडून तिकडे पाठवत होते. तिथल्या साहेबांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "मॅडम, आम्ही कितीदा फोन केले, दरवेळी कुणीतरी लीगल टीम म्हणून उचलतं आणि नंतर कळवतो म्हणतं." मिस्टरांचा नंबर फॉरवर्ड केलेला, त्यामुळे घराच्या बँकेचे फोनसुद्धा यांच्याकडेच जात होते! नोटीस निघायच्या आधीचे सगळे फोन तिकडे गेले आणि आम्हाला एका शब्दाने कळलं नाही. हा एकच मुद्दा तीन स्टार कापायला पुरे आहे.

साहेब वाईट नव्हते, कोरडे होते. त्यांनी सांगितलं की एकदा एनपीए झालं की एखाद-दुसरा हप्ता भरून खातं बाहेर येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नोव्हेंबर २०२१ चा खुलासा आहे, मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी चुकती झाली तरच खातं परत रेग्युलर. कंपनी आम्हाला "टोकन म्हणून दहा हजार टाका, बँकेला हेतू दिसेल" असं सांगत होती, ते दहा हजार गेले असते आणि खातं तिथेच राहिलं असतं. थकबाकी होती पाच हप्त्यांची, १ लाख १८ हजार, वर दंड नि नोटिशीचा खर्च. मी लोन स्टेटमेंट मागून घेतलं, त्यात दंडावर पुन्हा व्याज लावलेलं दिसलं, ते दाखवल्यावर थोडी रक्कम कमी केली. २०२४ पासून दंड हा वेगळा चार्ज म्हणून लावायचा असतो, मुद्दलात मिळवून त्यावर व्याज घ्यायचं नसतं, स्टेटमेंट नक्की तपासा.

पैसे कुठून आले? माझ्या पाटल्या सरकारी बँकेत गोल्ड लोनला ठेवल्या, बाकी मिस्टरांच्या पीएफमधून घरासाठीची उचल. सोनं ठेवायला सासूबाईंचा विरोध होता, पण ज्या घरात कार्डाला ४३ टक्के व्याज भरलं जातंय तिथे गोल्ड लोनच्या व्याजाला घाबरण्यात अर्थ नव्हता. सगळी थकबाकी एकदम भरली, बँकेने नोटिशीवरची पुढची कारवाई थांबवल्याचं पत्र दिलं (पत्र मागा, तोंडी "झालं मॅडम" वर घरी येऊ नका). आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एकांना हे जमलं नाही, पण त्यांनी बँकेला विचारून स्वतःच गिऱ्हाईक आणलं आणि लिलावाच्या आधी फ्लॅट विकला, कर्ज फिटून हातात काही तरी राहिलं. लिलावात भाव साधारण पडूनच येतो, तेव्हा हप्ता झेपणारच नसेल तर हा मार्ग वेळेवर बघा.

तर ही सर्व्हिस घ्यायची का? फक्त कार्ड किंवा पर्सनल लोन थकलंय, आधीच सगळं मोडलंय, फोनने जीव नकोसा झालाय आणि स्वतः बोलायची ताकद नाही, तर घ्या, पण घराचं कर्ज त्यांच्या यादीत चुकूनही देऊ नका आणि नंबर फॉरवर्ड करताना ज्या नंबरवर होम लोन नोंदवलंय तो वेगळा ठेवा. हातात पैसे थोडे असतील तर आधी घराचा हप्ता, कार्ड नंतर, कार्डवाले जास्त ओरडतात म्हणून आपण त्यांना आधी देतो. सेटलमेंट लेटर बँकेच्या अधिकृत मेलवरूनच आलेलं हवं, पैसे थेट कार्डाच्या खात्यात, एजंटच्या यूपीआयवर नाही, आणि नंतर नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) घ्यायचं. आमचं नो ड्यूज कंपनी "प्रोसेसमध्ये आहे" म्हणत राहिली, शेवटी मीच कस्टमर केअरला फोन करून मिळवलं.

सर्व्हिस बंद करायला सांगितल्यावरही पुढच्या महिन्याची फी कापली गेली. रिफंडच्या मेलला अजून उत्तर नाही. बँकेत जाऊन ऑटो डेबिटचं मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करून आले, तुम्ही सोडणार असाल तर आधी ते करा, मग त्यांना कळवा.