कासच्या पठारावर लग्नाची ‘परवाणगी’

धाकट्या बहिणीला मोठं लग्न नको होतं. तीस माणसं, उघडं माळरान, पावसाने धुऊन निघालेलं ऑक्टोबरातलं ऊन आणि चांगले फोटो, एवढंच. विवाह नोंदणीची नोटीस देऊन महिना उलटला होता, सह्या शुक्रवारी कार्यालयात होणार होत्या. रविवारी फक्त हार आणि सप्तपदी. आजी कुरकुरली, “चातुर्मासात? तुळशीचं तरी होऊ द्या आधी,” पण नवी साडी घेतल्यावर तीही राजी झाली. सगळं ठरवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं, त्यामुळे पुढचा गाढवपणाही माझाच.

इन्स्टाग्रामवर एक जण सापडला. नियोजन आणि फोटोग्राफी दोन्ही एकाच पॅकेजमध्ये, १,६०,००० रुपये. त्याच्या पानावर एक फोटो होता, त्यावरच धाकटी भाळली: नवरी जांभळ्या फुलांत कमरेइतकी बुडालेली, मागे धुकं. “ताई, हे कास. गेल्याच ऑक्टोबरचं लग्न. तुम्हाला अगदी अशीच फ्रेम देतो,” तो म्हणाला. बोलणं इतकं आर्जवी की भाव करायचीही लाज वाटली. ८०,००० लगेच भरले. आठवडाभराने पठारावर विधी करायला वनखात्याची परवानगी लागते म्हणून १८,००० मागितले, तेही त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर. मी विचारलं, शासनाची फी तुमच्या खात्यावर कशी? म्हणाला, “ताई, तुम्ही भरायला गेलात तर दोन महिने लागतील.” हे मला पटलं. पटतंच ना आपल्याला!

परवानगीचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं. ते मी कितीदा तरी उघडलं असेल, पण वाचलं एकदाही नाही. आता बघते तर मथळ्यातच ‘परवाणगी’ लिहिलंय. जावक क्रमांकाची जागा कोरी. गोल शिक्क्याभोवती फिकट पांढरी चौकट दिसते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी कागदावरून कापून चिकटवलेला. मोबाइलवर दोन बोटांनी मोठं केलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं.

लग्नाच्या आठवड्यात ‘सजावटीसाठी’ आणखी ४०,००० गेले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी साताऱ्याहून दोन गाड्या निघाल्या. कास पंचवीसेक किलोमीटर, घाटात आजीला दोनदा उलटी. वर पोचलो तर फुलं नव्हतीच. कासचा बहर साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, सगळं आटोपलेलं. उरलं होतं पिवळं पडत चाललेलं गवत. खरं सांगायचं तर तेही सुंदर होतं, पण आम्हाला विकलं होतं ते हे नव्हे. मी पत्र पुढे केलं तर तिथल्या रखवालदार काकांनी ते वाचलंसुद्धा नाही. “ताई, हितं वाट सोडून पाय ठिवू देत न्हाई, आन् तुम्ही होम करायचं म्हंताय?” बरोबरच होतं त्यांचं. २०१२ पासून जागतिक वारशात असलेली जागा. हंगामातसुद्धा माणसं मोजून सोडतात. एवढं तरी मला कळायला हवं होतं. नियोजकाचा फोन बंद. सजावटीचा टेम्पो आलाच नाही.

शेवटी उताराच्या वाटेवरच्या एका छोट्या हॉटेलवाल्या मावशींनी अंगण दिलं. त्यांनीच शेणाचा सडा टाकला, वर पिठलं-भाकरीही केली.

फोटोवाला पोचला सव्वापाचला. पानावर दिसणारा तो नव्हेच. विशीतला एक मुलगा, खांद्याला कॉलेजची सॅक. त्या दिवसांत तिथे सहा वाजून गेले की सूर्य बुडतो, म्हणजे ज्या सोनेरी उजेडासाठी हा सगळा खटाटोप, तो जेमतेम पाऊण तास हाती. भावोजी थोडेफार फोटो काढतात. त्यांनी कॅमेरा पाहूनच मान हलवली: कॅमेऱ्यासोबत मिळते ती साधी लेन्स, आणि मेमरी कार्डाची खाचही एकच. लग्नाचे फोटो काढणारे सहसा दोन कार्डांवर एकाच वेळी साठवतात, एक गेलं तर दुसरं. मुलगा बिचारा घाबरलेला. “ताई, मला काल रात्री सांगितलं. दिवसाचे दीड हजार देतो म्हणाले.” अंधारात सप्तपदी गाड्यांच्या दिव्यांत झाली.

मग सुरू झाली नियोजकाची खरी वसुली. उरलेले ४०,००० तर द्याच, वर ‘हार्ड डिस्क आणि रॉ फाइल’चे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, हात न लावलेल्या फोटोंचे, २५,०००. नाही तर डेटा पुसणार. “रॉ फाइल कलाकाराची मालमत्ता असते,” हे वाक्य त्याने चारदा ऐकवलं. आमच्या वकील मामांनी कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ दाखवलं: मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. आणि आमचा करारच नव्हता! कागद नसल्याचा फायदा झाला असा हा एकच प्रसंग. बाकी सगळीकडे त्यापायी आम्ही मारच खाल्ला. किती फोटो, कोण काढणार, कधी देणार, काहीच लिहून घेतलेलं नव्हतं.

मावसबहीण वनस्पतीशास्त्र शिकवते. तिला तो जांभळा फोटो दाखवला तर ती हसायलाच लागली. “अगं, ही टोपली कारवी. असा पठारभर बहर सात वर्षांतून एकदा. गेल्या ऑक्टोबरात कुठून आणली त्याने?” गूगल लेन्सवर टाकला, तर तोच फोटो दुसऱ्याच एका फोटोग्राफरच्या संकेतस्थळावर, काही वर्षांपूर्वीचा निघाला. दोन मिनिटांचं काम. ८०,००० भरण्याआधी करायचं होतं.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण इतक्या उशिरा की पैसे केव्हाच पुढे गेले होते. तिथे पहिल्या काही तासांतच फोन केला तर रक्कम अडवली जाण्याची आशा असते. आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षं. व्हॉट्सॲपचं संपूर्ण संभाषण, यूपीआयच्या नोंदी आणि ते ‘परवाणगी’ पत्र, सगळं जोडलंय.

फोटो मात्र मिळाले. महिन्याने त्या मुलाचाच फोन आला. त्यालाही दीड हजार मिळाले नव्हते, आणि कार्ड परत देण्याआधी त्याने सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं. आम्ही त्याचे दीड हजार दिले, त्याने ४१२ फोटो दिले आणि आयोगासाठी सही करून जबाबही दिला. निम्मे फोटो हललेले आहेत. एकात आजी स्वेटर घालून मावशींच्या चुलीशी बसलीय, हातात भाकरी, आणि धाकटीची मुंडावळी तिच्या मांडीवर. धाकटीने तोच मोठा करून भिंतीवर लावलाय.