मळवलीला उतरून लोहगड की विसापूर?

एका दिवसात दोन्ही गड करणारे बरेच भेटतात. बहुतेकदा त्यात लोहगडाची विंचूकाटा नावाची सोंड लांबूनच पाहिलेली असते, नाहीतर विसापूरचं अर्धं पठार राहिलेलं असतं. धड पाहायचं तर एक निवडावा.

गायमुख खिंडीपर्यंत वाट एकच. लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनवरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव, मग चढाचा रस्ता. रमतगमत दीड तास. खिंडीत उजवा हात लोहगडवाडीकडे, डावा विसापूरकडे. भाजे लेणी दोन्ही बेतांत बसतात. बावीस लेणी आहेत, पण चैत्यगृहाच्या छताला टिकून राहिलेल्या लाकडी कमानी आणि सूर्य-इंद्राची शिल्पं यांच्यासाठी अर्धा तास ठेवलाच पाहिजे. लेणी सकाळीच उरका, परतताना पाय वर चढायला तयार नसतात.

इतिहास डोळ्यांना दिसायला हवा असेल तर लोहगडाला तोड नाही, हे आधीच कबूल. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने लागतात, तेही बऱ्यापैकी शाबूत. नारायण दरवाजा नाना फडणवीसांच्या काळातला; माथ्यावरची सोळा कोनी बावही त्यांचीच. लक्ष्मी कोठी ही कातळातली गुहा पाहून विंचूकाट्यावर जाऊन यायला तासभर धरा. ही सोंड सुमारे दीड किलोमीटर लांब आणि चिंचोळी आहे. सुरुवातीचा कातळटप्पा उतरताना दगडाकडे तोंड करावं. टोकावरून पवनेचं पाणी आणि मागे तुंग-तिकोना दिसतात. २०२५ मध्ये गडाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं.

आता अडचण. वाडीतून वर जायला पायऱ्यांची एकच वाट, उतरायलाही तीच. दरवाजे मुद्दाम वळणावर, एकमेकांना आड ठेवलेले, म्हणजे चढून येणाऱ्या शत्रूचा वेग मोडावा आणि तो वरच्या माऱ्यात सापडावा. पावसाळी रविवारी ही रचना पर्यटकांवर चोख चालते. अकराच्या सुमारास चढणारे आणि उतरणारे दरवाज्यात समोरासमोर येतात, कुणीतरी फोटोसाठी थांबतं आणि मागची रांग जिथल्या तिथे गोठते. ओल्या पायरीवर, मागून रेटा येत असताना उभं राहणं हे चढण्यापेक्षा जास्त दमवतं. बांधणी बघायला मान वर करावी तर पुढे सरकायचा आग्रह. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. मधल्या वारी सकाळी आठच्या आत वाडी सोडलीत तर हा परिच्छेद विसरा. माकडं मात्र कुठल्याही वारी असतात. प्लास्टिकची पिशवी हातात धरू नका, खाणं सॅकच्या आत.

विसापूरला दरवाजे म्हणावे असे उरलेले नाहीत, इंग्रजांनी ते उद्ध्वस्त केले. उरलाय तो पसारा: लांबच लांब तट, बुरूज, कातळात खोदलेली टाकी, एक भलंमोठं जातं, छप्पर गेलेल्या इमारती. गुलाब आणि मुकुटाची खूण असलेली, बाजूचे खुंट तोडून निकामी केलेली लोखंडी तोफ बघायला विसरू नका. उंची १०८४ मीटर, लोहगडाची १०३३. कागदावर पन्नास मीटर काहीच नाहीत, पण तटावर उभं राहिलं की समोरचा लोहगड विंचूकाट्यासकट पायाखाली पसरतो. ४ मार्च १८१८ ला इंग्रज सेनाधिकारी प्रॉथरने आधी विसापूर का घेतला आणि त्यानंतर लोहगड का टिकू शकला नाही, हे तिथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

वन्यजीवांच्या बाबतीतही विसापूरच उजवा. दोन्ही डोंगरांचं रान एकच, पण विसापूरवर ते ऐकू येतं. चढणीच्या झाडीत पावसाळी पहाटे शीळकरी कस्तुर हा पक्षी माणसासारखी शीळ घालतो. पठारावर चंडोल, कड्याच्या वाऱ्यावर ससाणा. सप्टेंबरात सोनकी आणि तेरडा. झाडीत फांदीला हात घालण्याआधी नीट बघा, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत सहज मिसळून जातो.

त्रास इथेही आहेत, फक्त जातीचे वेगळे. खिंडीकडून झाडीत शिरणारी वाट ढोरवाटांनी फोडलेली आहे. उतार लागला आणि पाच मिनिटांत चढ परत आला नाही तर मागे फिरा. पुढे दगडी पायऱ्यांची नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, लागते, आणि जोराच्या पावसात तिचाच धबधबा होतो. तेव्हा कडेच्या शेवाळलेल्या दगडांपेक्षा वाहत्या धारेतला दगड बहुधा जास्त धरतो. एका वेळी एकच पाय हलवायचा. पाणी गुडघ्याला जोर लावू लागलं तर तिथूनच परत. माथ्यावर धुकं उतरलं की पठार सगळीकडून सारखंच दिसतं, आणि लोक चुकतात ते इथे, चढताना नाही. वर पोचल्या पोचल्या मागे वळून नाळेच्या तोंडाची खूण धरून ठेवा. तरीही हरवलात तर पठाराच्या मधून शोधत फिरू नका. तट गाठा आणि तो एकाच हाताला ठेवून चालत राहा, उशिरा का होईना उतरायच्या वाटेवर याल. वर टपरी नाही, माणशी तीन लिटर पाणी घ्या.

लहान मुलं किंवा गुडघ्यांची कुरकुर असेल, किंवा पहिलाच गड असेल, तर लोहगडच बरा. बाकीच्यांनी विसापूर करून पाहायला हरकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी प्रशासनाची बंदी नाही ना, तेवढं पाहा. नाळेतून चढलात तरी उतरताना पाटण गावाची वाट धरा. ती सौम्य आहे, आणि तिथून स्टेशनला जाताना आलेला रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.