स्वयंपाकघरातलं काडीचं थर्मामीटर: काम चोख, बटण घातक

५ पैकी ४ तारे.

स्टीलची लांब काडी, वर छोटा पडदा, एक बटणसेल, पल्ला उणे ५० ते ३०० अंश सेल्सिअस. किंमत तीनशे रुपयांच्या आसपास. दही, पाक, तळण, तिन्हीला उत्तम. सेन्सर टोकाशी असतो, म्हणून काडी निदान दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, पण भांड्याच्या बुडाला टेकवू नका. धुताना फक्त काडी धुवा; डोक्यात पाणी गेलं की संपलं.

एक तारा कापला तो सी/एफ बटणासाठी. ते इतकं उघड्यावर आहे की पुसतानासुद्धा दाबलं जातं, आणि पडद्यावरचं एकक बारीक अक्षरात. ११० हा आकडा सेल्सिअसमध्ये एकतारी पाकाचा, फॅरेनहाइटमध्ये मात्र विरजण लावायच्या कोमट दुधाचा (४३ से.). आकड्याआधी एकक वाचा.

फॅरेनहाइटमधली पाककृती असेल तर ३२ वजा करून १.८ने भागा: ३५० फॅ. म्हणजे १७७ से. उलट करायचं तर तोंडी हिशोब सोपा आहे. दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग काढा, ३२ मिळवा. १८० से.चे ३६०, वजा ३६, अधिक ३२ = ३५६ फॅ. हे उत्तर अंदाजे नाही, बरोबर तेवढंच येतं.

सोबतच्या कागदावर अचूकता '±१ से. (±३३.८ फॅ.)' छापली आहे. ही ढोबळ चूक आहे. फरक बदलताना ३२ मिळवायचे नसतात, ±१ से. म्हणजे ±१.८ फॅ. यामुळेच हे ताप बघायला वापरू नका. निरोगी माणसाचे ९८.६ इथे १००.४ दिसू शकतात, म्हणजे चक्क ताप.

आल्या आल्या तपासून घ्या. ग्लासभर बर्फाचा चुरा गच्च दाबा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, दोन मिनिटांनी ढवळून काडी मधोमध धरा. ० से. किंवा ३२ फॅ. यायला हवं. अख्खे खडे आणि भरपूर पाणी घेतलं तर आकडा वर राहतो, आणि दोष उगाच थर्मामीटरला लागतो. उकळत्या पाण्यानं तपासणार असाल तर उंची लक्षात घ्या: मुंबईत १००, पुण्यात ९८च्या आसपास, महाबळेश्वरला साधारण ९५.५. पुण्यात ९८ दिसलं म्हणून परत पाठवू नका.