तडा गेलेली मोठी मत्स्यटाकी: पट्टी लावावी की काच बदलावी?

सहा फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच अशा आमच्या टाकीच्या मागच्या काचेला खालच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला, तेव्हा दुरुस्तीसाठी बोलावलेल्या कारागिराने दोन पर्याय दिले: तड्यावर आतून काचेची पट्टी सिलिकॉनने चिकटवायची, किंवा ती काचच काढून नवी बसवायची. आम्ही काच बदलून घेतली. काम एकंदरीत चांगले झाले. मात्र एवढ्या मोठ्या टाकीसाठी पट्टीचा पर्याय त्याने सुचवायलाच नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिलिकॉन पाणी अडवते, पण ते लवचिक असल्यामुळे तुटलेल्या काचेला तिची मूळ ताकद परत देत नाही. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि पट्टीखाली झाकलेला तडा पुढे सरकतच राहू शकतो. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर नव्हे, तर पाण्याच्या खोलीवर ठरतो आणि तळाशी तो सर्वाधिक असतो. आमची टाकी काठोकाठ भरली, तर त्या एका काचेवर सुमारे ३४० किलो वजनाइतका जोर येतो. पाणी निम्मे ठेवले, तर तोच जोर एक चतुर्थांशावर उतरतो. म्हणूनच कमी उंचीच्या टाकीत, काठाजवळच्या छोट्या तड्यावर आतून लावलेली पट्टी पुष्कळ काळ टिकू शकते, कारण तिथे पाणीच तिला काचेवर दाबून धरते. तडा तळाच्या काचेला असेल, तर मात्र पट्टीचा विचारही करू नये.

कारागिराची पाहणीची पद्धत मला आवडली. त्याने आधी तड्यावरून आतून आणि बाहेरून नख फिरवून हा नुसता ओरखडा नाही ना याची खात्री केली, मग टोकाशी मार्करने बारीक खूण केली आणि पाणी उपसून होईपर्यंत तडा त्या खुणेच्या पुढे जातो का, यावर लक्ष ठेवले. तो गेला, आणि तिथेच आमचा निर्णय झाला.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात कंटाळवाणा भाग जुने सिलिकॉन खरवडण्याचा असतो आणि नेमकी तिथेच त्याने घाई केली. सुकलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे ब्लेडने खरवडल्यानंतरही काचेवर राहणारा तेलकट, पुसट थर ॲसिटोनने पुसून काढावाच लागतो. एका कोपऱ्यात तो थर बोटाला जाणवत होता. दाखवून दिल्यावर त्याने कुरकुर न करता पुन्हा साफ केला, हे नमूद करायला हवे. बारा मिलिमीटर जाडीच्या नव्या काचेचे वजन तेहतीस किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे ती बसवायला दोन माणसे लागतात, आणि तो मदतनीस घेऊनच आला होता.

‘उद्या पाणी भरा’ हा त्याचा सल्ला मात्र मी मानला नाही. सिलिकॉनवर साय लवकर धरते, पण हवेतल्या ओलाव्याने ते आतपर्यंत सुकायला दिवसाला दोन-तीन मिलिमीटर एवढाच वेग मिळतो. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत आणि त्यानंतरही थोडे थांबणे बरे. पहिल्यांदा पाणी मासे न सोडता, सांडले तरी चालेल अशा जागी भरावे. सिलिकॉनची नळी आपण स्वतः वाचून पाहावी, कारण न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक प्रकारातील रसायन माशांना घातक ठरू शकते.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. तडा का गेला, हे त्याने पाहिलेच नाही. स्टँडची एक बाजू किंचित खचलेली होती, हे आम्ही लेव्हल लावल्यावर कळले. ती तशीच राहिली असती, तर नव्या काचेवरही तोच पीळ पडला असता. शिवाय बाकीच्या सांध्यांबद्दलही तो काही बोलला नाही. आमच्या टाकीचे सांधे अजून घट्ट आहेत, म्हणून खर्च पटला. पण ज्या टाकीचे सिलिकॉन कडांना सुटू लागले आहे किंवा सांध्यात बुडबुडे दिसत आहेत, तिची एकच काच बदलण्यावर मी पैसे घालणार नाही.