जर्मन नंबरप्लेट, उघडं छत आणि फाटलेला टायर

आम्ही स्टुटगार्टला राहतो. आमच्याकडे सेकंडहँड माझदा एमएक्स-५ आहे. दोन सीट, वर कापडी छत, डिकी जेमतेम १३० लिटरची. गाडी घेतल्यापासून ती चोरीला जाईल या धास्तीने मला झोप नव्हती आणि त्यावरून घरात माझी यथेच्छ चेष्टा चाले. पण कापडी छत म्हणजे ब्लेडच्या एका फटकाऱ्याचं काम, आणि नवीन बसवायचं तर हजार युरोंच्या पुढेच जायचं. मी घाबरू नको तर काय करू?

मे महिन्यात स्पेनला जायचं ठरलं तेव्हा मी पूर्ण बंदोबस्त केला. स्टेअरिंगला लावायचा पिवळा लोखंडी दांडा घेतला. चावीचा सिग्नल बाहेर जाऊ न देणारी पाकिटं घेतली, कारण कीलेस (चावी न लावता, ती नुसती जवळ असली की उघडणाऱ्या) गाडीच्या चावीचा सिग्नल घराबाहेरून पकडून गाडी पळवण्याचे प्रकार इकडे होत असतात. डिकीतल्या बॅगेत एअरटॅग, म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी चकती, टाकला. आणि रात्री कुठे उघड्यावर गाडी लावायलाच नको म्हणून रात्रभर गाडी चालवायची ठरवली. शुक्रवारी संध्याकाळी निघालो, ल्याँ, नीम, पेर्पिन्याँ करत पहाटे सीमा ओलांडली. माझ्या मते अवघड भाग संपला होता.

सीमेलगतचं ला जुंकेरा मागे टाकल्यावर एपी-७ महामार्गावर एका विसाव्यापाशी कॉफीला थांबलो. पंधरा मिनिटं, फार तर वीस. छत बंद, गाडी लॉक. परत आलो तेव्हा छान ऊन पडलं होतं. छत उघडलं आणि निघालो.

तीन-चार किलोमीटरवर डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला. तेवढ्यात शेजारून एक चंदेरी गाडी आली, हॉर्न वाजवला, आतला माणूस आमच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवत होता. सगळी मेख इथे आहे. तो खोटं बोलत नव्हता. टायर खरंच बसत चालला होता. संशय घ्यायला जागाच नव्हती.

बाजूला थांबलो. तो आमच्या पुढे थांबला. चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, त्यावर रिफ्लेक्टरचं जॅकेट. मोडक्या इंग्रजीत ‘नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम’ म्हणत चाकापाशी गुडघे टेकून बसला. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बोट फिरवून मला चीर दाखवली. नखाएवढी, सरळ, कडा स्वच्छ. खिळ्याने असं होत नाही हे मला कळतं, पण रात्रभर जागलेल्या डोक्यात ते तेव्हा शिरलं नाही. त्याने बायकोला खुणेने सांगितलं की धोक्याचा त्रिकोण घेऊन लांब मागे जा, सेफ्टी. ती गेली. मी त्याच्या शेजारी वाकून बसलो. आमच्या गाडीत स्टेपनी नसते, टायरमध्ये भरायचा फेस असतो, आणि तो बाजूच्या चिरेवर चालत नाही, हे मी त्याला पटवत होतो. तो ‘हो का, हो का’ करत ऐकत होता.

त्याच्या गाडीत दुसरा माणूस होता, हे मी पाहिलंही नव्हतं. छत उघडं असल्याने त्याला दारसुद्धा उघडावं लागलं नाही. हात घातला, पायाशी ठेवलेली बायकोची पर्स उचलली. मला काहीही ऐकू आलं नाही. मग पहिल्याने माझा खांदा थोपटला, ‘टो-ट्रक’ म्हणाला आणि गेले. मी त्याला थँक्यू म्हणालो. दोनदा.

पर्समध्ये चारशे युरो, बायकोचं रेसिडेन्स कार्ड, हॉटेलच्या बुकिंगचा कागद, गाडीची जर्मन आरसी (म्हणजे घराचा पत्ता) आणि एकाच रिंगमध्ये घराची किल्ली व गाडीची दुसरी चावी. एक हरवली तर असावी म्हणून ती मीच तिच्याकडे दिली होती. डिकीतला एअरटॅग मात्र सुखरूप होता.

पोलिसांनी (कॅटलोनियात मोसोस म्हणतात) तक्रार लिहून घेताना जराही आश्चर्य दाखवलं नाही. परदेशी नंबरप्लेट म्हणजे गाडीत सामान, रोकड, आणि माणूस पुढे साक्षीला काही येणार नाही. चीर बहुतेक कॉफीच्या वेळीच पाडली आणि मागोमाग आले. ब्रिटिश सरकार स्पेनला जाणाऱ्या आपल्या नागरिकांना या प्रकाराबद्दल सावध करतं. मी ते नंतर वाचलं.

दुपारी जिरोनात नवा टायर बसला आणि मग खरी रात्र सुरू झाली. गाडी चालू स्थितीत, आणि तिची चावी चोरांकडे. चावीच त्यांच्याकडे म्हटल्यावर माझ्या सिग्नलवाल्या पाकिटाचा उपयोग शून्य. बुकिंगचं हॉटेल रद्द केलं, दुसरं घेतलं, तळघरात पार्किंग असलेलं. गाडी नाकाने भिंतीला लावली. मॅनेजर भला माणूस, त्याने स्वतःची व्हॅन मागे आडवी लावली. पिवळा दांडा लावला. कुणी आपला टॅग चिकटवलाय का म्हणून चाकांच्या कमानी आणि सीटखाली हात फिरवून पाहिलं. तरी रात्री तीनला खाली जाऊन आलो.

तुमच्यावर अशी वेळ आलीच तर विमा कंपनीला त्याच दिवशी चावी गेल्याचं कळवा. उद्या गाडी गेली तर ते सगळ्या चाव्या मागतात, आणि तुम्ही गप्प बसला असाल तर पैशांची आशा सोडा. उरलेली चावी घेऊन वर्कशॉपमध्ये गेलात तर हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाकतात. आम्ही परतल्यावर ते केलं. घराचं कुलूप महाराष्ट्र मंडळातल्या मित्राने त्याच संध्याकाळी बदलून घेतलं, त्याच्याकडे आमची एक किल्ली असते म्हणून बरं. आणि कुणी टायरकडे बोट दाखवलं तर चाकाची रिम गेली तरी चालेल, हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जा. थांबावंच लागलं तर आधी छत आणि काचा बंद करा, दारं लॉक करा, चावी खिशात ठेवा, आणि मग ११२ लावा. आलेल्या मदतनीसाशी काचेआडूनच बोला. तो खरंच भला असेल तर रागावणार नाही.

टायरचे पैसे गेले, कुलपाचे गेले, रेसिडेन्स कार्डासाठी दोन महिने खेटे घातले. विम्याने चावीचे दिले. रोख चारशे युरो आणि पर्समधलं भाकरवडीचं पाकीट मात्र कुठल्याच कलमात बसलं नाही.